मामांच्या गोळ्यांची पंगत

आमच्या सौभाग्यवतींच्या मामांनी जन्मात एकट्याने काही खाल्ले असेल, तर तो आईचा मार. आणि त्यातही म्हणे धाकट्या भावाला अर्धा वाटा मिळाला होता. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. समोरून कोणी जाताना दिसले की मामांचा घास हातातच थांबतो. एकदा दुपारी चिटपाखरूही फिरकेना, तेव्हा ताट घेऊन ते रस्त्यावर उभे राहिले, एसटी थांबवली आणि कंडक्टरला भाकरी-ठेचा भरवला. ठेच्याच्या तिखटाने बिचारा पुढच्या थांब्यापर्यंत हाशहुश करत होता.

अशा माणसाच्या पोटात वर्षानुवर्षे जळजळ होती. सोडा, थंड दूध, शेजारणीचा काढा, सगळे झाले. वजन उतरू लागले तेव्हा आम्ही बळेच पुण्याला नेऊन दुर्बिणीची तपासणी केली. डॉक्टर म्हणाले, "जठरात जंतूंनी फार वर्षं मुक्काम ठोकलाय. त्यामुळे पेशींच्या आतला कारभारच बदललाय. जठराचं अस्तर काही ठिकाणी आतड्यासारखं झालंय. हा कॅन्सर नाही, पण वाट तिकडचीच. जंतू घालवले तर इथंच थांबेल अशी आशा आहे."

"म्हंजी मुक्कामाच्या पाव्हण्यानं घराची रीतच बदलली म्हना की!" मामा म्हणाले. त्यांना पाहुण्याचे कौतुकच वाटत होते.

गोळ्यांचा कोर्स संपला, पुन्हा तपासले, तर जंतू ठणठणीत. डॉक्टर चक्रावले. शेवटी मामीच बोलल्या, "समद्या वाडीला वाटल्या गोळ्या!"

"समद्यांचंच प्वाट जळतंय," मामा म्हणाले. "म्या एकट्यानं कशा खायाच्या?"

अर्धवट औषधाने जंतू आणखी चिवट होतात, असे सांगून डॉक्टरांनी दुसरी औषधे दिली. मामी घरी येऊन एवढेच म्हणाल्या, "तुमीच ऱ्हायला न्हाई, तर वाटंवरच्याला जेवाय हाक कोन मारंल?" मामांनी गोळ्यांची पुडी उचलून स्वतःच्या खिशात घातली.

त्या दिवसांत मी गेलो, तर दाराला आतून कडी. उघडले तेव्हा मामा भिंतीकडे तोंड करून बसलेले, डोळ्यांत पाणी.

"फार कडू आहे का गोळी?" मी विचारले.

"न्हाई, जावयबापू. एकट्यानं गिळवत न्हाई."

या खेपेला जंतू गेले. अस्तर कितपत सावरेल, ते मात्र डॉक्टरही सांगत नाहीत. अधूनमधून दुर्बीण घालून पाहत राहायचे. ते ऐकल्यापासून मला मामांची काळजी वाटते. परवा गेलो तेव्हा दार उघडे होते. मामा ताटावर बसून रस्त्याकडे बघत होते. मला पाहताच त्यांचा घास थांबला. मी नुकताच जेवून आलो होतो, तरी हात धुऊन शेजारी बसलो.