संघ सोडल्याची नोटीस आणि एक कढीपत्ता

माझी पत्नी म्हणते की मी सगळी पत्रे संतापात लिहितो. हे वस्तुस्थितीला धरून नाही. मी पत्रे कायद्याला धरून लिहितो. संताप समोरच्याच्या वागण्यामुळे येतो आणि दुसऱ्या परिच्छेदात आपली जागा घेतो. निव्वळ संतापाने, आपलीच कलमे न तपासता, मी आयुष्यात एकच पत्र लिहिले. ते एका बागेतून बाहेर पडण्याचे होते.

बाग हा शब्द मोठा आहे. दोह्यात, अल अझीझियातल्या आमच्या वसाहतीत तीन घरांची मागची दारे मातीच्या एकाच पट्टीवर उघडतात. डाव्या घरात एक इंग्रज गृहस्थ एकटे राहतात, बांधकामांची मोजमापे तपासण्याचे काम करतात आणि शुक्रवारी समैस्माच्या किनाऱ्यावर जाऊन भाजून येतात. उजव्या घरात इजिप्तहून आलेले गणिताचे शिक्षक, तेही एकटेच. मधल्या घरात आम्ही दोघे. मी एका बांधकाम कंपनीत करारांचे काम पाहतो. म्हणजे दिवसभर पत्रे लिहितो आणि त्यांची पोच घेतो.

आमच्या दारासमोर पत्नीचा कढीपत्ता आहे. रोपवाटिकेतून तिने तो आणला तेव्हा बोटभर होता, आणि या उन्हात तो आठवडाभर टिकणार नाही असे मी तिला लेखी नव्हे, पण तोंडी नक्कीच कळवले होते. तो माझ्या खांद्यापर्यंत आला. दर गुरुवारी आमच्या कंपनीचा ड्रायव्हर, मूळचा लातूरकडचा, त्याची एक जुडी फरीज बिन ओमरानमधल्या आपल्या फ्लॅटवर नेतो. तिथे तो आणि त्याच्यासारखे काही जण, बायकामुले गावी ठेवून आलेले, एका शेगडीवर आमटी करतात. दुकानात कढीपत्ता मिळत नाही असे नाही, परंतु त्याच्या म्हणण्याप्रमाणे दुकानातल्याला फोडणीत पडल्यावर आवाज नाही.

या पट्टीचा कारभार नीट चालावा म्हणून मी एक करार लिहिला होता. चौदा कलमे. पाणी कोणी कधी घालायचे, जाळी कोणी ताणायची, शिक्षकांच्या पुदिन्याने सरहद्द ओलांडली तर काय. सही घरागणिक एक न घेता प्रत्येक प्रौढाची स्वतंत्र घ्यावी, हा आग्रह माझा. त्याप्रमाणे चौघांनी सह्या केल्या. कलम अकरा असे : कोणत्याही सदस्यास तीस दिवसांची लेखी नोटीस देऊन बाहेर पडता येईल, मुदत संपताच त्याचे सर्व लाभ संपतील. कलम बारा : परत यावयाचे असल्यास नव्याने अर्ज व उर्वरित सर्व सदस्यांची संमती. ही दोन्ही कलमे लिहून झाल्यावर मी चहा मागितल्याचे आठवते. इतकी ती चांगली उतरली होती.

भांडण मात्र बागेवरून झाले नाही. ते ब्रिटनने युरोपीय संघ सोडला त्यावरून झाले.

येथील एका इंग्रजी दैनिकात इंग्रज शेजाऱ्यांचे पत्र आले : संघ सोडल्याने आमच्या देशाचे काहीही बिघडलेले नाही, बिघडले आहे असे वाटणे एवढाच काय तो बिघाड. मी हे पत्र नाश्त्याला वाचले आणि नाश्ता तसाच राहिला. करार संपतो आणि परिणाम होत नाहीत, हे विधान शेजारधर्म म्हणून एक वेळ ऐकून घेता आले असते. छापील स्वरूपात ते सहन करणे मला शक्य नव्हते. मी उत्तर दिले. त्यात उदाहरण म्हणून लिहिले की माझ्या परिचयाचे एक इंग्रज गृहस्थ पूर्वी स्पेनच्या विमानतळावर झटकन बाहेर पडत असत. हल्ली ते उरलेल्या जगाबरोबर लांब रांगेत उभे राहतात आणि परत आल्यावर बागेतल्या नळापाशी त्याबद्दल अर्धा तास बोलतात.

परिचयाच्या गृहस्थांनी स्वतःला ओळखले. त्यांचे दुसरे पत्र असे, की लेखक महाशय ज्या देशातून येतात त्या देशाने आमचे साम्राज्य सोडले तेव्हा परिणामांची यादी मागितली होती काय?

मी आजही हे वाक्य शांतपणे लिहू शकत नाही. साम्राज्य हा संघ नव्हे. आमच्या पूर्वजांनी सदस्यत्वाचा अर्ज भरलेला नव्हता. हे मी तीन परिच्छेदांत समजावून दिले आणि चौथ्यात तत्त्व मांडले : जो बाहेर पडतो त्याला जुन्या अटींवर परत येण्याचा हक्क नाही, त्याने नवा अर्ज करावा, सर्वांची संमती मिळवावी आणि तोवर बाहेर उभे राहावे. पत्र छापले गेले. खाली संपादकांनी लिहिले की या विषयावरील पत्रव्यवहार आता बंद करण्यात येत आहे. माझे पुढचे, सर्वात सबळ पत्र गेले तसे परत आले.

त्याच संध्याकाळी शेजारी नळापाशी उभे राहून म्हणाले, "सोडून पाहिल्याशिवाय सोडण्याबद्दल बोलू नये माणसाने."

मी आत गेलो आणि नोटीस लिहिली. माझा हिशेब साधा होता. बागेचे वेळापत्रक मी करतो, बैठकांची इतिवृत्ते मी ठेवतो. मी गेलो की आठ दिवसांत पुदिना आणि इंग्रज दोघेही कोलमडतील, आणि सोडण्याचे परिणाम म्हणजे काय ते वर्तमानपत्राच्या मदतीशिवाय सिद्ध होईल. नोटिशीच्या दोन प्रती नेल्या, पोच घेतली. शिक्षकांनी सही करताना विचारले, "पुदिन्याचं काही चुकलं का?"

"पुदिन्याचा संबंध नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मग खलास, इन्शाल्ला सगळं ठीक होईल."

"हे उत्तर नाही."

"गणितात नाही," ते म्हणाले, "बागेत चालतं."

तीस दिवस काहीच झाले नाही. पाणी येत राहिले, सावली पडत राहिली, आणि मला वाटले की नोटीस देणे ही प्रकृतीला मानवणारी गोष्ट आहे. एकतिसाव्या दिवशी, जुलैच्या ऐन मध्यावर, सकाळी पत्नीने मागचे दार उघडले.

"अहो, जाळी कुठे गेली?"

हिरवी जाळी आमच्या खांबापासून शेजाऱ्यांच्या भिंतीपर्यंत ताणलेली असे. त्यांच्या बाजूची दोरी त्यांनी सोडली होती, नीट गुंडाळून आमच्या पायरीवर ठेवली होती, आणि जाळी आमच्या खांबाला वाळत घातलेल्या लुगड्यासारखी लोंबत होती. कढीपत्ता उघड्या उन्हात.

मी गेलो. ते अदबीने बाहेर आले. "काल मुदत संपली. कलम अकरा. तुम्ही ते इतकं स्वच्छ लिहिलंय की मला शंका विचारायलाही जागा राहिली नाही."

"आणि पाणी?"

"नळ माझ्या घराचा आहे. करारात नळाचा उल्लेख सापडला नाही. मी दोनदा वाचला."

हे खरे होते. चौदा कलमांत पाण्याच्या वेळा होत्या, मापे होती, पाळ्या होत्या. पाणी कोठून येते हे मी लिहिले नव्हते, कारण ते सर्वांना दिसत होते. मोठमोठ्या कंत्राटदारांच्या करारांतून असल्या जागा शोधून काढण्यावर माझे पोट चालते.

दोह्यात राहिलेल्यांना सांगायला नको, परंतु इतरांसाठी सांगतो. आमच्या घराचे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते आणि जुलैत त्या टाकीतून चहाचेच पाणी येते. शेजाऱ्यांचा नळ जमिनीलगतच्या, भिंतीच्या आडोशाला असलेल्या टाकीवर आहे. थंड पाणी एवढेच त्यांच्याकडे होते आणि तेवढेच झाडाला हवे होते.

पुढील दिवसांत आमच्या न्हाणीघरात पाण्याच्या सहा बादल्या एसी लावून थंड होत राहिल्या. आंघोळ करायची तर त्यांच्यामधून एका पायावर जावे लागे. सावलीसाठी मी माझी मोठी छत्री झाडाला बांधली. दुपारच्या वाऱ्याने ती उचलून शिक्षकांच्या पुदिन्यावर नेली. त्यांनी ती मिटून, पुसून, पोच न मागता परत केली. रोज सकाळी पत्नी पिवळी पाने झाडून सुपलीत घ्यायची आणि मला ती सुपली दाखवायची.

गुरुवारी ड्रायव्हर आला. त्याने झाडाभोवती एक फेरी मारली.

"काकू, ह्यला काय झालं?"

"तुमच्या साहेबांनी त्याला संघातून काढलं."

"मी स्वतः बाहेर पडलो," मी दुरुस्ती केली. "झाडाला कोणी काढलेले नाही."

"साहेब, झाडाला कागद वाचता येत न्हाई ओ," तो म्हणाला, आणि त्या आठवड्यात जुडी न घेताच गेला. दोनच डहाळ्या निघाल्या असत्या; त्या तोडायला त्याचा हात होईना.

उपाय एकच होता. कलम बाराखाली अर्ज. मात्र शेजाऱ्यांनी माझे छापील पत्र कापून वसाहतीच्या सूचनाफलकावर लावले होते आणि 'नवा अर्ज, सर्वांची संमती, तोवर बाहेर' या शब्दांखाली हिरव्या शाईने रेघ मारली होती. जाता-येता लोक थांबून ती वाचत. अर्ज करणे म्हणजे त्या रेघेखाली जाऊन उभे राहणे. मी तीन मसुदे केले. तिन्हींत अर्ज कमी आणि साम्राज्य जास्त येत होते.

चौथा मसुदा चालू असताना पत्नी समोर येऊन बसली. "तो करार दाखवा."

"त्यात काही नाही. मीच लिहिलाय."

"म्हणूनच."

तिने चष्मा लावला, चौदाही कलमे वाचली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवले. "ही सही कुणाची?"

"तुझी."

"आणि नोटिशीवर?"

"माझी."

"दोघांची नाही?"

"नाही. नोटीस माझी होती."

"मग मी कधी बाहेर पडले? मला कुणी विचारलं होतं?"

माझ्यासमोर आजवर पुष्कळ वकील बसले आहेत. त्यांच्यापैकी एकानेही शेवटचे पान इतके नीट वाचलेले नाही. प्रत्येक प्रौढाची स्वतंत्र सही, आग्रह माझा. घर बाहेर पडले नव्हते, मी पडलो होतो. आणि गेले कित्येक दिवस एका सन्माननीय सदस्येच्या झाडाचे पाणी बेकायदेशीरपणे बंद होते.

मला विलक्षण आनंद झाला. शेजाऱ्यांनी कराराचा भंग केला होता! मी तातडीने नोटिशीचा कागद ओढला. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"तुम्ही सदस्य नाही," ती म्हणाली. "मी बोलते."

ती करार घेऊन गेली. निम्मे हिंदी, निम्मे इंग्रजी असे तिने काय सांगितले ते मला नीट ऐकू आले नाही, कारण मी पायरीच्या अलीकडे होतो. शेजाऱ्यांनी शेवटचे पान वाचले, कानाची पाळी चोळली, आणि माणूस म्हणून मी त्यांना श्रेय देतो, एक शब्द न वाढवता स्टूल आणून जाळी बांधली. नळी स्वतः झाडाच्या बुंध्याशी आणून ठेवली. दिलगिरी व्यक्त केली ती तिच्याकडे.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सावली मात्र सदस्यांसाठी आहे. कलम अकरा, सर्व लाभ."

ते बरोबर होते.

सावली कुठे संपते हा प्रश्न शिक्षकांकडे गेला. ती सूर्याबरोबर सरकते हे त्यांनी प्रथम स्पष्ट केले, नंतर आमची चहाची वेळ विचारली, खिशातून खडू काढला आणि संध्याकाळी पाचच्या सावलीची रेघ आमच्या पायरीसमोरच्या फरशीवर आखून दिली. माझी खुर्ची रेघेच्या बाहेर गेली. तेव्हापासून तिघे सदस्य जाळीखाली चहा घेतात आणि माझा कप रेघेवरून हातोहात बाहेर येतो. युरोपच्या प्रश्नावर चर्चा होते. मला बोलण्याची मुभा आहे, मतदानाची नाही.

मी अर्ज केला. साम्राज्य वगळून, सात ओळींचा. शेजाऱ्यांनी त्याच दिवशी संमती दिली आणि फलकावरचे कात्रण स्वतः काढून माझ्या हातात ठेवले. शिक्षकांनी लिहून दिले, इन्शाल्ला; मी ती संमती धरतो. तिसऱ्या सदस्येने अर्जाची पोच दिली आणि तो डाळीच्या डब्याखाली ठेवला.

गेल्या गुरुवारी ड्रायव्हर जुडीसाठी आला. झाडाला शेंड्याला कोवळी, तांबूस पालवी फुटली आहे. त्याने ती हुंगली, मग माझ्याकडे पाहिले.

"साहेब, तुमी उन्हात का बसलाव?"

"करार आहे."

"आन् जुडी कुणाला मागायची?"

"सदस्यांना माग," मी म्हणालो.

तो हसला नाही. त्याने आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली आणि जुडी घेऊन गेला.

अर्जाला पुरेसे दिवस उलटल्यावर मी सदस्येस स्मरणपत्र पाठवले. निर्णय कधीपर्यंत अपेक्षित धरावा, असे विचारले. त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर आले. लग्नानंतर तिने मला लिहिलेले हे पहिलेच पत्र असावे. मी ते फाइलला लावले आहे. त्यात लिहिले होते : पत्र मिळाले. विचार चालू असून मुदतवाढ देण्यात आली आहे. न्हाणीघरातल्या बादल्या आधी उचला.