रामशेटची पारख

बोर्ली पंचतनच्या बाजारात मोबाइलची पाच दुकानं आहेत आणि त्यातली चार रामचंद्राच्या 'साक्षी मोबाइल'पेक्षा मोठी आहेत. तिथे काचेची दारं आहेत, एसी आहे, नवीन फोन घेतला की हातावर पेढाही ठेवतात. रामचंद्राकडे बसायला स्टूल मिळतं, तेही एकच. तरीसुद्धा कानात घालायचं काही घ्यायचं झालं की आसपासच्या गावांतली माणसं याच स्टुलावर येऊन टेकतात. कारण साधं आहे. जी वस्तू स्वतःच्या कानात आठ दिवस राहिली नाही, ती रामचंद्र दुसऱ्याच्या कानात जाऊ देत नाही.

"बोरं चाखून देणारी शबरी ऐकली होती, इथे रामच चाखून देतोय," असं समोरचा गिरणीवाला म्हणतो. रामचंद्राला हसू येत नाही. त्याला आपल्या कानांचा गर्व आहे आणि गर्व असलेल्या माणसाला चेष्टा कळत नाही. स्वस्तातल्या वायरलेस इअरबड्सच्या खोक्यावर 'नॉइज कॅन्सलेशन' आणि पुढे पन्नास डेसिबल असं ठळक छापलेलं असतं. "छापायला शाई सोडून काय लागतं?" असं म्हणून तो ते कानात घालतो आणि आधी समोरच्या गिरणीत एक दळण होईपर्यंत उभा राहतो. मग दिघीला जाऊन आगरदांड्याच्या फेरीबोटीत इंजिनाजवळ बसतो. शेवटी हरिहरेश्वरच्या खडकांवर भर वाऱ्यात उभा राहून पनवेलला शिकणाऱ्या लेकीला, साक्षीला, फोन लावतो. "बाबा, नुसता वारा ऐकू येतोय," असं ती म्हणाली की तो माल परत जातो. एवढ्या खटाटोपातून त्याने काढलेलं तात्पर्य असं, की दीड-दोन हजारांतला बड इंजिनाची घरघर गिळतो, पण माणसाचं बोलणं काही त्याला गिळता येत नाही. हे तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. धंद्यात इतकं खरं बोलणारा माणूस श्रीमंत होत नाही, पण त्याला झोप बरी लागते. गेल्या महिन्यापर्यंत रामचंद्रालाही लागायची.

मैथिली त्याच्याकडे दिवाळीनंतर आली. निवृत्त हेडमास्तर महादेव सरांची ती सून. नवरा सुयश पुण्याला, आणि ही सासऱ्यांजवळ नारळ-पोफळीच्या वाडीत राहून घरून नोकरी करणारी. एका कंपनीत लोकांनी केलेले तक्रारीचे फोन दिवसभर ऐकायचे आणि त्यांना उत्तर देणाऱ्यांना गुण द्यायचे, हे तिचं काम. शेजारच्या वाडीत नवं होमस्टे झालं होतं. तिथला दंगा आणि स्पीकर आधी शनिवार-रविवारपुरता होता, मग तो आठवडाभर चालू राहिला. दोनदा तिच्या ऐकण्यात चूक झाली आणि वरून ताकीद आली.

"काका, तिसऱ्यांदा चुकले तर घरी बसा म्हणतील," ती म्हणाली. "मला गाणी ऐकायची नाहीत. मला फक्त हे सगळं गप्प करून द्या."

रामचंद्र इरेला पेटला. त्याने तिला तीन प्रकारचे बड्स नेऊन बघायला दिले आणि तिन्ही परत घेतले. चौथ्याच्या टोकावरचं रबर काढून त्याने जाड स्पंजाची टोपणं बसवली, तेव्हा कुठे माणसांचे आवाजही बंद झाले. आठ दिवसांनी ती पुन्हा आली. केस मागे सारताना बोट लागलं की बाहेरचा आवाज आपोआप सुरू होतो, अशी तक्रार होती. रामचंद्राने तिच्या फोनमधून बडवरचा टचच बंद करून टाकला.

"आता तोफ उडाली तरी कळायचं नाही," तो म्हणाला. ते वाक्य त्याचं त्यालाच इतकं आवडलं, की नंतर त्याने ते आणखी दोघांना ऐकवलं.

महादेव सरांच्या घरात नेटवर्क येत नाही. ते येतं वाडीच्या मागच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर. कामाचे रेकॉर्ड केलेले फोन मैथिली तिथे जाऊन उतरवून घ्यायची आणि घरात येऊन ऐकायची. सरांनी सुनेला बजावलं होतं, "ते काय ते घरात कानात घाल. वाडीत कान उघडे ठेवायचे." माडाखाली वाढलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही, पण मैथिली घाटावरून आलेली होती. तिने हो म्हटलं होतं.

सरांचे नारळ पाडायला गुणाजी येतो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, अंगात मांस कमी आणि शिरा जास्त. त्याची रीत बापापासून चालत आलेली. शेंड्याला पोचला की दोन हाका द्यायच्या, "पाडतू रंऽऽ, बाजूला व्हा!" मग तंबाखू मळून होईल इतका वेळ थांबायचं. खालून कुणी ओ दिली तर तो माणूस बाजूला होईपर्यंत कोयता उचलायचा नाही. कुणी काही बोललं नाही तर खाली माणूस नाही. झावळ्यांत डोकं गेलेल्याला जमीन दिसत नाही, त्याचा सगळा व्यवहार ऐकण्यावर. चाळीस वर्षांत या रीतीने कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

मग एका गुरुवारी टाकीच्या कट्ट्याजवळ एक नारळ मैथिलीच्या खांद्यावर पडला आणि हाड मोडलं. माणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, चार बोटं इकडे पडता तर डोक्यात गेला असता. सरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, कानात काही नव्हतं, गुणाजीने हाकच दिली नाही.

मग काय, गावाला विषय मिळाला. कुणी म्हणालं गुणाजी घेऊन चढतो, कुणी म्हणालं त्याचं वय झालं. चार दिवसांत तीन वाडीवाल्यांनी त्याला "सध्या राहू दे" सांगितलं आणि श्रीवर्धनहून यंत्राने माडावर चढणारा माणूस आणला. गुणाजी भांडला नाही. तो घराबाहेरच्या दगडावर बसून राहायला लागला. पडत्या फळाची आज्ञा समजून गावही त्याला विसरायला तयार झालं.

रामचंद्राने हे सगळं ऐकलं आणि हळहळला. आपला त्यात काही संबंध असेल असं त्याच्या मनातही आलं नाही. मग एका सकाळी महादेव सर स्वतः दुकानात आले आणि रुमालाची गाठ सोडून त्यांनी काउंटरवर एक बड ठेवला.

"मैथिलीचा आहे रे. टाकीजवळ आळ्यात सापडला. त्या दिवशी पिशवीतून पडला असेल. चालतोय का बघ."

सर गेल्यावर रामचंद्राने भिंग लावलं. जाळीत चिखल होता. स्पंज कानात दाबून बसवल्यावर चेपतो तसा चेपलेला, चिखलाने त्याच आकारात वाळलेला होता आणि त्यात एक लांब केस अडकलेला होता. पिशवीतल्या बडचा स्पंज नीट फुगलेला असायला हवा होता. तोफ उडाली तरी, हे त्याचेच शब्द.

तो दिवसभर स्वतःशी वकिली करत राहिला. आपण वस्तू विकली, नारळ थोडाच पाडला. आणि स्पंज असला म्हणून काय, माडावरून ओरडणाऱ्याचा आवाज पोचणारच, तेही गुणाजीचा. संध्याकाळ होईपर्यंत त्याला कळून चुकलं की हे तपासल्याशिवाय आपली सुटका नाही. तपासण्यात तर त्याची हयात गेली होती.

दुसऱ्या दिवशी तो गुणाजीकडे गेला. "माझ्या परसातल्या दोन माडांचे नारळ पाडून दे," म्हणाला.

गुणाजी जागचा हलला नाही. "कशाला रामशेट? मला आता माजाच भरवसा न्हाय. रोज हितं बसून आठवतू. त्या दिवशी हाक दिली व्हती का न्हाय, आता मलाच सांगता येत न्हाय. सगळी म्हणतात न्हाय दिली. नसंल दिली."

हे ऐकून रामचंद्राला गलबलून आलं. माणसाचं काम गेलं तर दुसरं मिळतं, पण या माणसाची स्वतःच्या तोंडावरची खात्रीच गेली होती. त्याने गुणाजीला हाताला धरून उठवलं.

परसात त्याने दुकानातला तसलाच जोड कानात घातला, स्पंजाची टोपणं लावून, टच बंद करून. फोनवर बातम्या लावल्या. गुणाजीला सांगितलं, वर जा, वाटेल तेव्हा हाका दे, पाडू मात्र नको. मग माडाकडे पाठ करून तो उभा राहिला. समोर एक कोंबडी माती उकरत होती. बातम्यांतली बाई कांद्याच्या भावाबद्दल बोलत होती. रामचंद्र कान टवकारून होता, म्हणजे मैथिलीपेक्षा त्याचं बरंच बरं होतं, तिला तर हाक येणार हेही ठाऊक नव्हतं. कांदा संपला, क्रिकेट सुरू झालं. म्हातारा वर जाऊन झोपला की काय, असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात त्याच्या खांद्यावर हात पडला. तो दचकून वळला. गुणाजी खाली उतरून उभा होता.

"किती वेळा?" बड्स काढत रामचंद्राने विचारलं.

"चार. पल्याडच्या वाडीतली म्हातारी भायेर येऊन बघून गेली. तुमी काय हलला न्हाय."

रामचंद्र पायरीवर बसला. त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात यशस्वी चाचणी होती. आठ-आठ दिवस त्याने तपासलं ते बाहेरचं किती बंद होतं एवढंच. बाहेरचं काय आत यायलाच हवं, हा प्रश्न त्याला, माडाखाली जन्मलेल्या माणसाला, कधी पडला नव्हता.

तसाच उठून तो सरांच्या घरी गेला. मैथिली ओसरीवर होती, हात गळ्यात बांधलेला, चेहरा उतरलेला. सर चहाचं सांगायला आत गेले तशी रामचंद्राने चेपलेला स्पंज तिच्यापुढे ठेवला. तो काही बोलायच्या आधीच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काका, मी बाबांना शब्द दिला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "भीतीने पटकन तोंडातून गेलं. मग गाव बोलायला लागलं, मला परत घेता येईना. सुयश आधीच म्हणतोय नोकरी सोड. तुम्ही नका सांगू. मी गुणाजीकाकांना काहीतरी मदत करीन."

"त्याला मदत नकोय, बाळा. हाक दिली होती का नाही, हे त्याचं त्याला आठवेनासं झालंय."

सर बाहेर आले. रामचंद्राला वाटलं होतं, आपण शांतपणे सांगू. पण सरांसमोर तो शाळेतल्यासारखाच उभा राहिला. "सर, स्पंज मी बसवला. टच मी बंद केला. आज मी स्वतः कानात घालून उभा राहिलो, गुणाजीने चार हाका दिल्या, मला एकही ऐकू आली नाही. चूक माझी आहे."

एवढं बोलून तो थांबला. पुढचं वाक्य त्याचं नव्हतं. सरांनी सुनेकडे पाहिलं.

"कानात होते, बाबा," ती म्हणाली. "त्यांनी हाक दिली असेल. मला माहीत नाही. मला कळलंच नसतं."

त्याच दुपारी सर गुणाजीच्या दारात गेले. ज्या हेडमास्तरांनी उभ्या जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती, त्यांनी त्या दगडापाशी उभं राहून हात जोडले. गावात बातमी फिरली. वाडीवाल्यांची बोलावणी परत सुरू झाली. मैथिलीच्या नोकरीचं काय ते अजून ठरायचं होतं. रामचंद्राने स्पंजाची सगळी टोपणं कचऱ्यात टाकली आणि आपलं निस्तरलं असं समजून दोन रात्री झोपलाही.

सोमवारी गुणाजी सरांच्या वाडीत आला. सरांनी रामचंद्रालाही बोलावून घेतलं होतं. मैथिली, सर आणि तो अंगणात उभे राहिले. गुणाजी पायात दोर अडकवून सरसर वर गेला, पूर्वीसारखाच. शेंड्यातून हाक आली, खणखणीत. मग दुसरी. वाडी शांत होती. तंबाखू मळून होईल इतका वेळ गेला. कोयत्याचा आवाज आला नाही. तिसरी हाक आली, मग चौथी, आणि पाचवीला त्याचा आवाज चिरकला.

"कुणी नाही रे खाली!" सर ओरडले. "पाड तू!"

झावळ्या हलल्या. गुणाजी उतरत होता, हळूहळू, एकेक पाय चाचपत. जमिनीला टेकल्यावर तो माडाला धरून उभा राहिला.

"सरांनी सांगितलं ना, कुणी नाही म्हणून," रामचंद्र म्हणाला.

"आज सर हायेत सांगायला," गुणाजी म्हणाला. "आजवर कोन बोललं न्हाय म्हंजे खाली कोन न्हाय, असं व्हतं. आता कोन बोललं न्हाय, म्हंजे मी काय समजायचं, रामशेट?"

गुणाजी खाली बसून पायातला दोर सोडायला लागला, आणि त्या दिवशी सरांच्या वाडीत नारळ पाडायचे राहून गेले.