मिलिंदने मास्क काढला नाही

मिलिंद गेल्यापासून मला 'बे' म्हणणारं कोणी उरलेलं नाही, अशी माझी जाहीर तक्रार आहे.

सगळे 'सर' म्हणतात. आयुष्यभर संस्कृत शिकवल्याची आणि पेपरला बातम्या पाठवल्याची ही शिक्षा.

मिलिंद आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव. मी एखादं सुभाषित सुरू केलं की म्हणायचा, "मराठीत बोल बे, म्हशीला कळंल असं."

आज त्याचा स्मृतिदिन.

त्याचं तोंड हीच संस्थेची खरी मालमत्ता. दुष्काळात चारा छावणीवरची दुधाची गाडी त्याने एक दिवस बंद पडू दिली नाही. टँकरवाल्याशी भांड, साहेबाची मनधरणी कर, चेअरमनला टोमणा मार. सगळं नुसतं बोलून.

आणि गालात गुटख्याची पुडी. ती आम्ही दोघं अर्धी-अर्धी खायचो.

मग कोरोना आला.

पहिल्याच लॉकडाऊनमध्ये त्याच्या गालात फोड झाला. हे मला फार उशिरा कळलं. पास काढून तो बीडला गेला होता. दातांचे दवाखाने बंद. मोठ्या दवाखान्यात फक्त कोविड. गेटवरच्याने विचारलं, "इमर्जन्सी हाय का?"

"न्हाई. तोंड आलंय."

"मग हे सगळं मिटल्यावर या."

ते मिटेना. हा घरी तुरटीच्या गुळण्या करत राहिला.

आम्हाला दिसला तो फक्त मास्क. आमचे हनुवटीवर लोंबायचे, याचा मात्र दूध मोजतानाही नाकावर.

"कोरोना तुला बघून रस्ता बदलतो म्हणे," मी चिडवायचो. तो नुसता हात हलवायचा.

एवढा बडबड्या माणूस गप्प झाला, आणि आम्हाला वाटलं शिस्त लागली.

संस्थेने त्याचा सत्कार केला. कोविड योद्धा. शाल, श्रीफळ, सर्टिफिकेट. फोटोच्या वेळी चेअरमन म्हणाले, "आता तरी काढा की मास्क, सचिवसाहेब."

त्याने नकारार्थी मान हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी बातमीत त्याला 'मुखपट्टीव्रती' म्हटलं. तो समास मला फार आवडला होता.

दुसऱ्या लाटेत वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्ये ताट घेऊन आतल्या खोलीत जातेत अन् भाकर तशीच परत येतीय. मला बी तोंड दाखवंनात."

मी गेलो. म्हणालो, "काढ."

त्याने काढला.

जे दिसलं ते इथे लिहिणार नाही.

"सांगितलं का नाहीस?"

एकेक शब्द अडखळत आला. "कुणाला सांगू बे? माणसं ऑक्सिजनवाचून मरायलेत. मी तोंड आलंय म्हणून खाट मागू?"

औरंगाबादला नेलं. गालातला तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "गेल्या वर्षी आले असते तर थोडक्यात भागलं असतं."

"आला होता हो. गेटपर्यंत."

 डॉक्टर बाहेर बाकांवर बसलेल्या पेशंटांकडे बघून म्हणाले, "तेही सगळे गेल्या वर्षीचेच आहेत."

दिवाळीआधी मिलिंद गेला.

तालुक्यातले कोरोनाचे आकडे रोज पेपरला मीच पाठवायचो. त्यात तो कुठेच नाही. त्या बाकांवरचेही नसतील.

मित्रा, तुला वाकून नमस्कार.

आता खरं ते लिहितो.

पावसाळ्यापासून माझ्या उजव्या गालात आतून पांढरा डाग आहे. तिखट लागलं की झोंबतो. तोंड पूर्वीइतकं उघडत नाही.

दवाखाने चालू आहेत. एसटी चालू आहे. दोनदा बीडला म्हणून निघालो आणि वाटेत मांजरसुंब्याला चहा पिऊन परत फिरलो.

घरी अजून सांगितलेलं नाही. ही पोस्ट वाचून कळेल.

मला फार भीती वाटते.