पहाटेचा पाहुणा

जपानमधल्या उवाजिमा गावात, बंदरामागच्या गल्लीत ह्योदो फुसाए हिचं जाकोतेनचं दुकान होतं. बारीक मासळी काट्यांसकट वाटायची, चपटे वडे थापायचे आणि तळायचे, हा नवरा-बायकोचा धंदा. वाटायचं काम कानेहिसाचं, तळायचं आणि बोलायचं फुसाएचं. कानेहिसा दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचा, त्यातलं एक मांजराशी.

फुसाए शिस्तीची बाई. गल्लीत कचऱ्याच्या दिवशी कुणी जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत बाटली घातली, तर ती पिशवी उचलून ज्याची त्याच्या दारात परत ठेवायची आणि बेल वाजवून उभी राहायची. नुसती उभी राहायची. लोकांना तेच जास्त लागायचं.

अशी बाई इंटरनेटवर आली ती नणंदेमुळे. शतक बदललं त्या सुमारास नगरपालिकेने फुकट संगणकवर्ग काढला. नणंदेला एकटीने जायची लाज वाटत होती म्हणून फुसाए सोबतीला गेली. नणंद दुसऱ्याच दिवशी यायची बंद झाली आणि फुसाएने वर्ग संपेपर्यंत स्वतःचं होमपेज उभं केलं. नाव ठेवलं ‘आजचा मासा’. रोज बाजारातून आलेल्या एका माशाचा फोटो आणि खाली त्याच्या स्वभावाबद्दल चार ओळी. ‘हा दिसतो गरीब, पण टोपलीत शेजाऱ्याला चावतो. माझ्या धाकट्या दिरासारखा.’

पानावर खाली काउंटर होता, आलेल्यांची संख्या दाखवणारा. त्याखाली पाहुण्यांनी लिहायची चावडी. हे दोन्ही कुणा भल्या माणसाने लिहून फुकट वाटलेले प्रोग्राम. ते तिच्या पानाला जोडून दिले ते आकिताच्या एका शाळामास्तराने. चावडीवर त्याचं नाव होतं ‘झोपाळू पाणमांजर’. खरं नाव विचारायची तिथे पद्धत नव्हती, आणि फुसाए पद्धत मोडणारी नव्हती.

त्या काळी अशा घरगुती पानांवर एक रिवाज होता. काउंटरवर गोल आकडा ज्याच्या पायाखाली येईल, त्याने चावडीवर येऊन नाव सांगायचं. मालक त्याला काहीतरी भेट द्यायचा. दहा हजारावा आकडा सेंदाईच्या एका नर्सला लागला. तिने लगेच हजेरी लावली, फुसाएने जाकोतेनचं पाकीट पोस्टाने धाडलं, सगळ्यांनी अभिनंदन केलं. सगळं रीतीप्रमाणे झालं.

वीस हजारावा आकडा कुणीतरी तुडवला आणि गुपचूप निघून गेला.

फुसाएने आठवडाभर वाट पाहिली. मग चावडीवर लिहिलं, ‘वीस हजारावर पाय ठेवून गेलेल्यांनी परत यावं. ओरडणार नाही.’ कुणी आलं नाही. मग तिने पानाच्या आधी नियमांचं एक पान जोडलं. मग त्याच्या आधी आणखी एक, नियम कसे वाचावेत याचं. मासा बघायला येणाऱ्याला आता दोन दारं ओलांडून, ‘वाचले, पटले’ या बटणावर बोट ठेवून आत यावं लागे. नेहमीची मंडळी नेमाने बटण दाबत राहिली.

तीस हजारालाही तेच झालं, तेव्हा फुसाएने पाणमांजराला साकडं घातलं. त्याने कोण कधी आलं याची नोंद ठेवण्याची सोय करून दिली. फुसाए पहाटे उठायची, कारण तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेवरून चालायचं आणि कढई तापवायच्या आधीच्या तासात फोनचं बिल चढत नसे. नोंद बघितली आणि ती खुर्चीत ताठ झाली. एक पाहुणा रोज पहाटे यायचा, पहिल्या माशापासून कालच्या माशापर्यंत सगळी पानं उघडायचा, नियमांची दोन्ही पानंसुद्धा, आणि एक अक्षर न लिहिता जायचा.

आधी तिने झापलं. ‘पहाटे येणाऱ्या पाहुण्यांनी निदान सुप्रभात म्हणावं. दार उघडं असलं म्हणून कुणी चपला घालून आत येत नाही.’ तरी पाहुणा येतच राहिला. फुसाए आजारी असताना, सणाला, वादळात वीज गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही. हळूहळू फुसाएच्या रागाची धार गेली. सगळे मासे रोज पहिल्यापासून वाचणारं माणूस म्हणजे नक्की झोप न येणारं. बायको गेलेली असेल. किंवा जहाजावर असेल. तिने लिहिलं, ‘सातूचा चहा कोमट करून घ्यावा. पंख्याखाली झोपू नये.’ थंडी पडल्यावर लिहिलं, ‘पायमोजे घालावेत.’

कानेहिसाने एकदा वाकून पडद्यावर पाहिलं. म्हणाला, “मला नाही कधी सांगितलंस पायमोजे घाल म्हणून.”

“तुम्ही घालताच,” फुसाए म्हणाली.

चावडीवरची मंडळी या विषयावर विलक्षण गप्प होती. शेवटी एके दिवशी दुकानातला फोन वाजला. पलीकडे पाणमांजर होता. आधी हवापाण्याबद्दल बोलला, मग सर्दीबद्दल, मग पुन्हा हवेबद्दल.

“फुसाए-सान, तो पहाटेचा पाहुणा आहे ना. तो माणूस नाही.”

फुसाएच्या हातातला झारा तसाच राहिला. “मग कोण आहे?”

“यंत्र. शोध घेणाऱ्या एका कंपनीचं. ते जगातली सगळी पानं वाचत फिरतं, म्हणजे लोकांना हवं ते सापडतं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सांगायचा धीर झाला नाही. तुम्ही पायमोज्यांपर्यंत जाल असं वाटलं नव्हतं.”

“ते सगळं वाचतं? नियमसुद्धा?”

“सगळं.”

“आणि तुम्ही?”

“मी मासे वाचतो,” पाणमांजर म्हणाला. “नियमांचं बटण नुसतं दाबतो.”

फुसाएने फोन ठेवला आणि करपलेले वडे बाजूला काढले. तोंडावर पडल्याची लाज दोन दिवस गेली नाही. तिसऱ्या दिवशी तिने, चुकलं तर कबूल करायचं या स्वतःच्या शिस्तीप्रमाणे, चावडीवर जाहीर माफीपत्र लिहिलं. ‘यंत्र साहेब, तुम्ही कामावर होता हे मला ठाऊक नव्हतं. नियम पूर्ण वाचणारे या पानावर तुम्ही एकटेच आहात असं समजलं. यापुढे आपल्याला नमस्काराची सक्ती नाही. बाकीच्यांना आहे.’

हे पत्र कुणीतरी उचलून इंटरनेटवरच्या एका प्रचंड निनावी चावडीवर नेऊन टाकलं, जिथे देशभरातली रिकामी डोकी बसलेली असायची. रविवारी सकाळी झुंड आली. काउंटर असा पळायला लागला की गोल आकडे डोळ्यांदेखत तुडवले गेले. चावडीवर एकामागून एक नोंदी पडू लागल्या. ‘मी यंत्र आहे. नमस्कार न करता आलो. क्षमस्व.’ ‘मीही यंत्र. मला पायमोजे मिळतील का?’ कुणी अक्षरं आणि चिन्हं जुळवून मांजरांची चित्रं काढली. पण फुसाएची चावडी अरुंद होती, त्यामुळे ओळी मोडून मांजरांचे कान पोटाशी आले.

पाणमांजराने फोन करून चावडी बंद करायला सांगितलं. फुसाए म्हणाली, पाहुणे दारात असताना दार लावायचं नसतं. मग तिने एकेकाला उत्तर लिहायला सुरुवात केली. ज्याने माफी मागितली त्याला माफ केलं. आदरार्थी रूप चुकलं असेल तिथे दुरुस्त करून दिलं. ‘मरा’ एवढंच लिहिलेल्याला उत्तर गेलं, ‘सगळेच मरणार आहोत. आपलं वाक्य अपुरं वाटतं.’ मांजरवाल्याला विचारलं, ‘प्राणी आजारी आहे का? पोटातून कान निघाले आहेत.’ दुकान सांभाळून, वडे तळून, पहाटेच्या तासात ती आठवडेच्या आठवडे लिहीत राहिली. झुंड थकली, पण फुसाए थकली नाही. शेवटी शेवटी काही पोरं उत्तराची रांग कुठवर आली ते विनम्रपणे विचारू लागली, आणि त्यातली बरीच मासे बघायला कायमची राहिली.

वसंतात दुकानासमोर एक पोरगेलासा तरुण बराच वेळ घुटमळत उभा होता. पाच जाकोतेन मागितले. पुडी हातात घेतल्यावर जमिनीकडे बघत म्हणाला, “मी यंत्र.”

“कुठलं?” फुसाएने विचारलं. “बरीच आहेत.”

“मांजरवालं. मात्सुयामाहून आलोय.”

फुसाएने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि पुडीत सहावा वडा टाकला. “कान नीट लावायला शिक. चित्र चांगलं होतं.”

त्या तरुणाने तीन वेळा वाकून नमस्कार केला आणि तिथेच उभ्या उभ्या सगळे खाल्ले.

या सगळ्या गडबडीचा परिणाम अगदी अनपेक्षित ठिकाणी झाला. कानेहिसाने दुकानातल्या जुन्या संगणकावर स्वतःचं पान काढलं. विषय मासेमारीची जाळी पाण्यावर धरून ठेवणारे लाकडी तरंगे. बायकोला सांगितलं नव्हतं. फुसाएला ते कळलं पहाटेच्या नोंदीत, कारण त्या पानावरून कुणीतरी तिच्या पानावर आलं होतं. तिने जाऊन पाहिलं. तरंग्यांचे फोटो नेटके होते. पण खाली तिच्या पानाचा दुवा दिलेला होता, आणि तोही न विचारता.

कानेहिसा भिंतीपलीकडे मासे वाटत होता. फुसाएने त्याला रीतसर ईमेल लिहिला. ‘आपलं पान आवडलं. मात्र दुवा देण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी, ही विनंती.’

दोन दिवस दोघं शेजारी बसून जेवली. या विषयावर शब्द निघाला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे उत्तर आलं. ‘आपल्या पत्राबद्दल आभारी आहे. माझी चूक झाली. दुवा काढला आहे. आता परवानगी मागतो.’ चार वाक्यं होती. तो दिवसभर एक शब्दही बोलला नाही.

फुसाएने उत्तर पाठवलं, ‘विचार करून कळवते,’ आणि कढई तापवायला गेली.