सूर्यमाळची तीन नंबरची लाइन

जव्हार सोडलं आणि मोखाड्याकडे जाणारी एसटी वळणं घेऊ लागली. कापणी झालेली भातखाचरं, पेंढ्याच्या उडव्या (रचलेले ढीग), पलीकडे खोल दरी. वाटेतल्या एका वीज उपकेंद्रातली माणसं नव्या यंत्रणेला तयार आहेत का, हे मला तपासायचं होतं. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं आता एकाच ठरलेल्या भाषेत एकमेकांशी बोलणार होती. शहरात बसून इथली लाइन चालू-बंद करता येणार होती. माणसं तयार नसतील, अशी माझी जवळजवळ खात्रीच होती.

घाटात चाक पंक्चर झालं. तासभर उशिरा पोहोचले, तेही घाईत.

ऑपरेटर जयश्रीताई भोये एकट्याच ड्यूटीवर होत्या. चहा नको म्हणत मी लॅपटॉप जोडला. कार्यालयाच्या यादीत तीन नंबरची लाइन रिकामी होती. ती चालू करून पाहायची, एवढीच चाचणी.

"मॅडम, थांबा!" त्यांनी माझा हातच धरला. "तीन रिकामी नाय. सूर्यमाळची लाइन तिच्यावर घेतलीय. दोघं खांबावर चढलेत, फांद्या तोडायला."

मी लॅपटॉपवरच्या यादीकडे बोट दाखवलं. "पण यादीत तर..."

"यादीत नसंल. वहीत हाय." त्यांनी वही उघडली. झालेला प्रत्येक बदल तारखेसकट लिहिलेला. मग खिशातली पॅनेलची किल्ली दाखवत म्हणाल्या, "ही फिरवल्याबिगर तुमचा हुकूम चालला नसता. पण उद्या किल्ली कायम फिरवलेलीच राहील नि शहरातून बटण दाबाल, तेव्हा?"

 मी चहा मागितला.

दुपारभर आम्ही वही समोर ठेवून यादीतल्या लाइनींचं एकेक नाव दुरुस्त केलं. मध्ये त्यांच्या डब्यातली नागलीची (नाचणीची) भाकर आणि ठेचा. दोघे लाइनमन परतले, त्यांनी सही केली, तेव्हाच ताईंनी किल्ली फिरवली.

"आता द्या हुकूम."

मी बटण दाबलं. बाहेर लाइनचा स्विच धाडकन लागल्याचा आवाज झाला. ताईंनी सूर्यमाळला फोन लावला. "आला का लाइट?"

"आला, आला!"

परतल्यावर अहवालात मी पहिलीच शिफारस लिहिली: यंत्रणेतलं प्रत्येक नाव आधी तिथल्या ऑपरेटरनं तपासावं, आणि त्याचं प्रशिक्षण जयश्रीताईंनी द्यावं. साहेबांनी विचारलं, "केंद्र तयार नाही, असंच ना?"

"केंद्र तयार आहे, साहेब," मी म्हणाले. "आपली तयारी व्हायचीय."