चाल बघणारा

एसटीडी बूथच्या काळातली गोष्ट. पिंपळवंडीच्या शाळेत मी मुलींचं खो-खोचं उन्हाळी शिबिर घेत होते. प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र नुकतंच हातात पडलेलं, त्यामुळे माझी शिट्टी जरा जास्तच वाजायची.

शेजारच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. त्यांचा मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून रोज आमचा सराव बघायचा. मला ते मुळीच आवडत नव्हतं. चौथ्या दिवशी तो सरळ आतच आला.

"अहो, मैदानात कुठं शिरताय?" मी खेकसले.

"बाई, त्या लाल रिबिनीच्या पोरीला आज पळवू नका. डावा पाय लई दुखतोय तिचा."

"मला तर काही बोलली नाही ती."

"मेंढरूबी बोलत न्हाई. चाल बगावी लागती."

मी तिचा पाय उचलून बघितला. टाचेत बाभळीचा काटा मोडून पू झाला होता. शिबिरातून काढून टाकतील या भीतीनं पोर गप्प होती.

दुसऱ्या दिवशी आभार मानायला गेले, तर रान मोकळं. नावही विचारलं नव्हतं.

पुढे परदेशातल्या शिबिरांना जायचे योग आले. एका देशानं प्रथमोपचाराचा दाखला मागितला, दुसऱ्यानं पोलिसांचा, तिसऱ्यानं तर परीक्षाच घेतली. सगळं दिलं, आणि ते द्यायलाच हवं. पण मैदान कुठलंही असो, पहिल्या सकाळी मी मुलांना पाण्याच्या नळापर्यंत नुसतं चालत जाऊन यायला सांगते.

तेवढा वेळ शिट्टी खिशात असते.