डॉक्टरीणबाईंची पहिली फेरी

डेपोत तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही तिची तपासणी. मग ती म्हणायची, "तिसऱ्या सिलिंडरला खोकला आहे," आणि उघडून पाहिलं की दुखणं नेमकं तिथंच निघायचं. बाईच्या हातात पाना बघून ज्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली होती, तेच पुढे "ताई, जरा ऐकून जा ना" करत तिच्या मागे फिरू लागले.

बावीस वर्षं तिने बसगाड्यांची दुखणी काढली. धापा टाकणाऱ्या, तेल ओकणाऱ्या, पोटात माणसं कोंबून कण्हत चालणाऱ्या गाड्या. चाळिशी उलटल्यावर तिच्या डोक्यात खूळ शिरलं की आपली एक गाडी बांधायची. हॉट रॉड. म्हणजे जुन्या गाडीच्या अंगावरचं होतं नव्हतं ते उतरवून तिला हलकी करायची आणि तिच्या वकुबाबाहेरचं इंजिन तिच्यात बसवायचं. भंगारातून तिने दोन दारांची छोटी गाडी आणली, मागून चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन आणलं, स्टिअरिंगचा दांडा आणखी तिसरीकडून. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाच वर्षांच्या सुट्ट्या खर्ची पडल्या. नवरा शिंपी होता. त्याने सीटना लाल रेक्झिनची कव्हरं शिवून दिली, दुहेरी टीप मारून. बसायला मात्र साफ नकार. "मी शिवून दिलं. घालून बघायचं गिऱ्हाइकानं," तो म्हणाला.

सासरे तर पाच वर्षांत शेडकडे फिरकलेसुद्धा नव्हते. ते निवृत्त बसड्रायव्हर. चौतीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. काटा चाळीसच्या वर जाऊ देत नाहीत म्हणून सोबतचे त्यांना चाळीसमास्तर म्हणायचे, आणि त्यांना ते नाव बिरुदासारखं वाटायचं. सुनेच्या गाडीबद्दल ते एकदाच बोलले होते, "हा विस्तवाशी खेळ आहे."

म्हणून त्या रविवारी सकाळी तिने पहिल्या फेरीसाठी गाडी बाहेर काढली आणि सासरे दाढी करून, बुटांच्या नाड्या बांधून दारात उभे दिसले, तेव्हा ती चक्रावलीच.

"मी येतो," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही?"

"ब्रेक लागतात का ते कुणीतरी बघायला नको?"

ते शेजारी बसले, पट्टा आवळून घेतला आणि समोर बघत राहिले. नाही म्हणायची सोयच ठेवली नाही.

गावाबाहेर एक कागद कारखाना बंद पडला होता. त्याच्या फाटकाकडे जाणारा दीड किलोमीटरचा सरळसोट रस्ता रखवालदाराने तिला तासाभरासाठी वापरू दिला होता. रस्त्याच्या तोंडाशी शिंपी नवरा रेक्झिनचा लाल तुकडा हातात धरून उभा राहिला, कुणी वाहन आत वळू नये म्हणून. दुसऱ्या टोकाला साखळी घातलेलं लोखंडी फाटक. ती आदल्या दिवशी येऊन रस्ता पावलांनी मोजून गेली होती. फाटकाच्या अलीकडे सहाशे पावलांवर तिने चुन्याची आडवी रेघ मारली होती. तिथे पाय उचलायचा, मग ब्रेक. भरपूर जागा होती.

पहिल्या गिअरला गाडी गुरगुरली. दुसऱ्याला तिने दोघांच्या माना मागे ढकलल्या.

"चाळीस," सासरे म्हणाले. आणि लगेच, "साठ." मग त्यांनी मोजणं सोडलं.

तिसऱ्या गिअरला इंजिनाचा गळा मोकळा झाला. सहाही सिलिंडर एका सुरात. जन्मभर तिने आजारी इंजिनंच ऐकली होती; इतकं धडधाकट इंजिन, आणि तेही आपल्या हातचं, ती पहिल्यांदाच ऐकत होती. दोन्ही बाजूंची झाडं एकमेकांत मिसळून हिरवी भिंत झाली. तळव्यांना रस्त्याचा खडा न् खडा कळत होता. ती हसत होती, मोठ्याने, आणि ते तिला स्वतःलाच ऐकू येत नव्हतं.

चुन्याची रेघ आली. तिने पाय उचलला.

गाडी तशीच पळत राहिली.

तिने खाली पाहिलं. ॲक्सिलरेटरचं पेडल मोकळं, लुळं पडलं होतं. बुटाच्या टोकाने तिने ते वर ओढलं, दाबलं, सोडलं. काही फरक नाही. केबल आत कुठेतरी अडकली होती आणि इंजिन पूर्ण उघडलेलं होतं. काटा एकशे बारावर. तिने ब्रेक दाबला. गाडीने नाक खाली घातलं, वेग थोडा तुटला, पण इंजिन ऐकेना. ते ब्रेकला रेटून पुढे ओढत होतं. जळकट वास आला आणि पायाखालचा ब्रेक मऊ पडू लागला. फाटकाचे गज आता वेगवेगळे दिसत होते.

सासऱ्यांचा हात किल्लीकडे आला.

तिने त्या हातावर फाडकन फटका मारला. "हात काढा!"

किल्ली ज्यात होती तो स्टिअरिंगचा दांडा तिसऱ्याच गाडीचा होता. त्याची किल्ली झटक्यात पूर्ण मागे फिरली की स्टिअरिंगला कुलूप लागायचं. ही खोड तिला ठाऊक होती, त्यांना नव्हती.

किल्ली बेताने एकच घर मागे घ्यायची, तर हात स्टिअरिंगवर राहणार नव्हता, आणि ओढ घेणारी गाडी एका हाताने आवरणार नव्हती. आधी उपाय एकच होता, क्लच. क्लच दाबला की चाकं सुटणार, ब्रेक लागणार. पण मग एवढं उघडलेलं इंजिन बिनओझ्याचं फिरणार आणि स्वतःच्याच वेगाने फुटणार. पाच वर्षं. तिचा डावा पाय क्लचवर होता आणि खाली जात नव्हता.

मग तिला डोळ्यांच्या कोपऱ्यातून सासऱ्यांचे गुडघे दिसले. दोन्ही बूट समोरच्या पत्र्यावर रोवलेले, जणू तिथेही एक ब्रेक असावा.

तिने क्लच दाबला.

इंजिन किंचाळलं. त्या किंकाळीत बारीक टकटक सुरू झाली, आणि ती कसली हे सांगायला तिला स्क्रूड्रायव्हर लागला नाही. तिने किल्ली फक्त एक घर मागे घेतली. आवाज तुटला. ब्रेकवर दोन्ही पाय, हातात हँडब्रेक. टायर ओरडले, मागचा भाग डावीकडे घसरला, तिने सावरला, आणि गाडी उभी राहिली. फाटक नऊ पावलांवर होतं.

तापलेला पत्रा टिकटिकत होता.

"बाबा, हात लागला तुम्हाला."

"लागला नाही. मारलास," सासरे म्हणाले. मनगट लालबुंद झालं होतं. ते त्याकडे बघत राहिले आणि एकाएकी खदखदून हसायला लागले. तीही हसली. शिंपी धावत येताना लांबून दिसत होता.

"त्याला किती सांगायचं?" तिने विचारलं.

"चाळीस," सासरे म्हणाले.

पुढच्या रविवारी तिने इंजिन उघडलं. पिस्टनला धरणारा एक कनेक्टिंग रॉड वाकला होता, एका सिलिंडरला ओरखडे. आणि दोष सापडला तो तिचाच. केबल तिने सायलेन्सरच्या गरम नळीला खेटून नेली होती. तापून आतलं प्लास्टिक वितळलं आणि तार चिकटली. कुणा शिकाऊ मेकॅनिकने असं केलं असतं, तर तिने त्याचे कान उपटले असते.

त्या दिवशी सासरे पहिल्यांदा शेडच्या आत आले. रिकाम्या डब्यावर बसले. वाकलेला रॉड हातात घेऊन फिरवून पाहिला.

"बाबा, एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी क्लच लगेच नाही दाबला. तुम्ही शेजारी होतात, तरी मला इंजिनाचीच पडली होती."

"माहीत आहे. दोन सेकंद."

"तुम्ही मोजले?"

"तुझा पाय माझ्या डोळ्यांसमोर होता. दुसरं काय बघणार?" त्यांनी रॉड खाली ठेवला. नजरेत माया होती की राग, हे तिला कळेना. मग ते म्हणाले, "गाडीवर इतका जीव लावशील तर तिच्यात माणूस बसवू नकोस. बसवलास तर आधी गाडी गेली असं समज, मगच किल्ली फिरव. मी रोज सकाळी पन्नास माणसं घेताना हेच करायचो."

तिने मान डोलावली.

इंजिन पुन्हा बांधायला चार महिने लागले. केबल आता नळीपासून वीतभर लांबून जाते, तिला एकाऐवजी दोन स्प्रिंगा आहेत. इंजिन बंद करणारं एक मोठं बटण तिने शेजारच्या सीटच्या हाताशी बसवलं. दुसऱ्यांदा त्या रस्त्यावर जायच्या आधी तिने इंजिन चालू ठेवून सासऱ्यांना ते बटण तीनदा दाबायला लावलं. तिन्ही वेळा इंजिन थांबलं. चौथ्यांदा त्यांनी तिला न विचारताच दाबून पाहिलं, आणि मग पट्टा ओढून घेत म्हणाले, "चल."